कॉलेजच्या संशोधन पत्रिकेसाठी फुकटातलं सॉफ्टवेअर कोणतं? वर्डप्रेसवर भागेल का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजची सहामाही पत्रिका आजवर छापील निघायची, आता ऑनलाइन न्यायचीय, प्राचार्य म्हणतात खर्च नको, आणि कुणीतरी वर्डप्रेस सुचवलंय. मी सात वर्षं अशीच एक पत्रिका सांभाळतोय (नोकरी ग्रंथालयात, हे गळ्यात पडलेलं), तर सरळच सांगतो, ओजेएस घ्या. म्हणजे ओपन जर्नल सिस्टिम्स, लेख येण्यापासून अंक निघेपर्यंतचं सगळं काम सांभाळणारं सॉफ्टवेअर.

वर्डप्रेसवर अंक चढवता येतो, नाही असं नाही. पण अंक चढवणं हे शेवटचं अर्ध्या दिवसाचं काम आहे हो, खरी मारामारी त्याच्या आधीची. आमच्याकडे सुरुवातीला वर्डप्रेसच होतं, लेख यायचे जीमेलवर, काही थेट संपादकांच्या व्हॉट्सॲपवर, परीक्षकांचा (लेख छापण्याजोगा आहे का ते तपासणाऱ्या तज्ज्ञांचा) अभिप्राय फोनवर, आणि कुठला लेख कुणाकडे अडकलाय हे फक्त एका मॅडमना माहीत. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि अंक चार महिने लांबला.

ओजेएसमध्ये लेखक स्वतः खातं उघडून लेख टाकतो, संपादक परीक्षक नेमतो, परीक्षकाला मेल जातो, मुदत टळली की आठवणीचा मेल जातो, मग संपादन, मग पीडीएफ लावून अंकात. सगळं तारखेसकट नोंदलेलं राहतं. 'माझा लेख का नाकारला' म्हणून कुणी भांडायला आलं की मी नुसता स्क्रीन फिरवतो त्यांच्याकडे (परीक्षकाचं नाव झाकून अर्थात). एक मात्र स्वतः बघावं लागतं, लेखकाचं नाव लपवून परीक्षण करायचं असेल तर फाइलच्या आतलं नाव काढा. आमच्याकडे 'पाटील सर फायनल नवीन २' अशा नावाची फाइल आली होती, कसलं गुप्त परीक्षण करणार!

फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार असं आमच्या कमिटीला वाटलं होतं, तुमच्याही वाटेल. म्हणून सांगतो, हे कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं काम आहे, जॉन विलिन्स्की या प्राध्यापकांनी १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात तो सुरू केला, पुढे कारभार सायमन फ्रेझर विद्यापीठाकडून चालायला लागला. लायसन्स जीपीएल, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, बदलावं, वाटावं असा मुक्त परवाना, त्यामुळे उद्या कुणी फी लावेल ही भीती नाही. आपल्याकडे डीआरडीओच्या डेसिडॉकची (संरक्षण संशोधनाचं माहिती केंद्र) आणि आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) नियतकालिकं यावरच चालतात, कमिटीला एवढं सांगितलं की माना डोलतात. जेनवे म्हणून अजून एक आहे, लंडनच्या बर्कबेकमधलं, चांगलं आहे पण पायथॉनवरचं, त्यासाठी सर्व्हर सांभाळणारा माणूस लागेल, तुमच्याकडे नसणार.

ओजेएसला पीएचपी (वेबसाइटची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) लागतं, साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर, चालतं. म्हणजे डोमेन आणि होस्टिंगचा खर्च आहेच, अगदी शून्य रुपये असं प्राचार्यांना सांगू नका. बसवताना ते लेखांच्या फाइल्सचं फोल्डर कुठे ठेवायचं असं विचारतं, ते वेबसाइटच्या फोल्डरच्या बाहेरच ठेवा. आत ठेवलं तर न छापलेले लेख कुणालाही उघडता येतात, आणि लेखक म्हणून खातं उघडून भलतीच फाइल चढवणारे महाभागही असतात. नोंदणीला कॅप्चा लावा, नाहीतर महिन्याभरात शेकडो खोटी खाती. आणि व्हर्जन जुनं ठेवू नका. आमचं ३.१ वरच पडून होतं, होस्टिंगवाल्याने न सांगता पीएचपी ८ केलं आणि सकाळी बघतो तर साइट पांढरीफट्ट. सगळं परत उभं करायला आठवडा गेला. बॅकअप घेताना डेटाबेस आणि ते फाइल्सचं फोल्डर दोन्ही घ्या, नुसता डेटाबेस घेतलात तर लेखांची नावं राहतील आणि लेख जातील.

आता खरी डोकेदुखी, जी इंग्रजी मार्गदर्शकात सापडत नाही. मराठी लेख. आमचे निम्मे लेखक अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्याची पीडीएफ डोळ्यांना छान दिसते, पण त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा, नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा येतो. गूगलला तोच कचरा दिसतो, म्हणजे लेख ऑनलाइन असूनही शोधून सापडत नाही. त्यामुळे युनिकोडमध्येच लेख घेणार असं नियमावलीत पहिल्या ओळीत लिहा, आणि जुने लेख कन्व्हर्टरमधून काढल्यावर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी माणसाकडून तपासून घ्या, तिथेच गडबड होते. शीर्षक, सारांश, लेखकाचं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्ही रकान्यांत भरा, गूगल स्कॉलर पहिल्यांदा तेच वाचतं. आणि सर्व्हर बदलताना डेटाबेसची जोडणी यूटीएफ ८ वर (युनिकोड अक्षरं साठवायची पद्धत) आहे ना ते बघा, आमच्या सगळ्या मराठी शीर्षकांची एकदा प्रश्नचिन्हं झाली होती, एका ओळीत अकरा प्रश्नचिन्हं, लेखक कोण तेही प्रश्नचिन्ह.

आयएसएसएनचं (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) विचारलंय तर ऑनलाइन आवृत्तीला वेगळा घ्यावा लागतो, छापीलचा चालत नाही. दिल्लीच्या निस्पर संस्थेकडे अर्ज करायचा, फी नाही. त्याच्या नावाने पैसे मागणारा एजंट भेटला तर हाकलून द्या. डीओआयला (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) मात्र तो देणाऱ्या क्रॉसरेफ संस्थेची वर्षाची फी डॉलरमध्ये आहे, पहिल्या वर्षी नाही घेतला तरी काही अडत नाही. आणि यूजीसी केअरच्या (यूजीसीने मान्य केलेल्या संशोधन पत्रिकांच्या) यादीत कसं जायचं हे विचारू नका, यूजीसीने ती यादी २०२५ मध्ये बंदच केली.

जुने अंक चढवायला ओजेएसमध्ये क्विक सबमिट म्हणून प्लगइन (जोडून घ्यायची जादा सोय) आहे, परीक्षणाचे टप्पे न घेता लेख थेट अंकात जातो. पंचवीस वर्षांचे गठ्ठे एकदम काढू नका. श्रीलिपीतला एक अंक घ्या, त्यातले दोन लेख युनिकोड करून चढवा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा, कमिटीत माणूस मागायला तोच कागद उपयोगी पडतो.