छोटा भीम थीमचे सेंटरपीस घरी कसे करावेत? चित्रकला येत नसेल तर जमेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलाचा पाचवा वाढदिवस आहे, त्याला छोटा भीमच हवाय, हॉलमध्ये सात गोल टेबलं आहेत आणि त्यांच्या मधोमध ठेवायच्या सजावटीसाठी, म्हणजे सेंटरपीससाठी, सजावटवाल्याने सांगितलेला आकडा परवडणारा नाही. वर चित्रकला येत नाही ही धास्ती. ती आधी मनातून काढून टाका. भीमचा चेहरा हाताने काढायचाच नाहीये.

घरी केलेली सजावट फसते ती बहुतेक वेळा चेहऱ्यातच. डोळे जरा वर गेले किंवा गाल जरा जास्त फुगले, तर आपल्याला चालून जातं, पाच वर्षांचं पोर मात्र तिथल्या तिथे सांगतं, "हा भीम नाहीये." 2008 पासून पोगोवर हा भीम आहे, मुलांना तो तोंडपाठ असतो. म्हणून चेहरा छापील घ्या आणि तुमची मेहनत त्याच्या गावावर आणि लाडवांवर घाला. ढोलकपूर म्हणजे मातीची भांडी, गवत, झाडं, केशरी धोतर, आणि टुनटुन मावशीचे लाडू. यातलं बहुतेक सगळं आपल्या बाजारात सहज मिळतं, आणि ते हाताने केलेलं, थोडं ओबडधोबड असलं तर उलट जास्त शोभतं.

सातही टेबलांवर सारखंच हवं असा हट्ट धरू नका. मुलं जिथे बसणार त्या तीन टेबलांवर पूर्ण सेंटरपीस करा. आजी-आजोबा आणि इतर पाहुण्यांच्या टेबलांवर नुसता छोटा मातीचा मटका आणि त्यात केशरी झेंडू. रंग जुळतो आणि तुमचं काम निम्म्याहून कमी होतं.

आता मुलांच्या टेबलांबद्दल. तळाला चार-पाच इंच उंचीचा मातीचा मटका किंवा कुंडी घ्या. पुण्यात असाल तर कसब्यातला कुंभारवाडा, मुंबईत धारावीतला. त्यात पाऊण भागापर्यंत किंचित ओलसर वाळू भरा. हे वजन हवंच. हॉलचे पंखे पूर्ण वेगाने फिरतात आणि नुसत्या कागदाची वस्तू पहिल्या पाच मिनिटांत आडवी होते. वाळूवर नारळाचा काथ्या विसकटून पसरा, गवतासारखा दिसतो. मटक्याच्या गळ्याला केशरी कापडाची पट्टी बांधून पुढे गाठ मारा. ते भीमचं धोतर. मुलांना बरोबर कळतं, सांगावं लागत नाही.

चित्रांसाठी डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात जा. तिथे 12 बाय 18 इंचाच्या 300 जीएसएमच्या, म्हणजे जाडसर कागदावर रंगीत प्रिंट मिळते. भीम, चुटकी, राजू, जग्गू, कालिया, ढोलू-भोलू यांची साधारण चार इंच उंचीची चित्रं एकाच पानावर दाटीवाटीने बसवून न्या, म्हणजे पानं कमी लागतात. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. टेबल गोल आहे, म्हणजे निम्म्या मुलांना चित्राची पाठ दिसणार. त्यामुळे प्रत्येक चित्र दोनदा छापायचं, एकदा सरळ आणि एकदा मिरर करून, म्हणजे आरशात दिसतं तसं उलटं. मिरर केलं नाही तर पाठीला पाठ लावल्यावर कडा जुळत नाहीत. एकाचा हात डावीकडे बाहेर येतो, दुसऱ्याचा उजवीकडे. कापताना चित्राभोवती दोन-तीन मिलिमीटर पांढरी कड सोडा. कात्री जराशी हलली तरी दिसत नाही, आणि स्टिकरसारखी सफाई येते. चिकटवायला पातळ फेविकॉल नको, कागद ओला होऊन वळतो. ग्लू स्टिक किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप घ्या. दोन चित्रांच्या मध्ये आइस्क्रीमची रुंद, सहा इंची लाकडी काडी घालायची. बांबूच्या टोकदार काड्या मुलांच्या टेबलावर अजिबात नकोत, टोक नेमकं त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं.

काड्या मटक्यातल्या वाळूत खोचून झाल्या की सगळ्याची उंची टेबलापासून एक फुटाच्या आत राहिली पाहिजे. पाच वर्षांच्या मुलाला खुर्चीत बसून समोरचा मित्र दिसला पाहिजे. उंच सेंटरपीस फोटोत छान दिसतात, पण टेबलावर मुलं त्यांच्या बाजूने वाकून वाकून बोलतात आणि शेवटी तो उचलून खाली ठेवावा लागतो.

लाडू हा माझा सगळ्यात आवडता भाग. रद्दी वर्तमानपत्राचे लिंबाएवढे घट्ट गोळे करा आणि मास्किंग टेपने गुंडाळा. त्यावर ब्रशने दाट फेविकॉल लावून ताटलीतल्या मुगाच्या पिवळ्या डाळीत घोळवा. तळहातावर हलकेच दाबत गोल फिरवलं की डाळ दाट बसते आणि थेट बुंदीचा लाडू दिसतो. वर मधोमध एक मनुका चिकटवा. रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. दुसऱ्या दिवशी वरून फेविकॉलमध्ये पाणी मिसळून एक हात फिरवा, म्हणजे डाळ गळत नाही. वाळल्यावर तो पारदर्शकच होतो. तुमचा मुलगा पाचचा आहे, त्याला बरोबर घेऊन बसा. डाळीत गोळे घोळवणं त्याला जमेल आणि पार्टीत तो सगळ्यांना सांगत फिरेल. मटक्याच्या पायथ्याशी स्टीलच्या वाटीत असे पाच-सहा लाडू रचा. खरे लाडू तिथे ठेवू नका, माश्या येतात आणि केक कापायच्या आत वाटी रिकामी होते. ते जेवणात वाढा.

थर्मोकोलचा मोह होईल, कारण हलका असतो आणि पटकन कापता येतो. महाराष्ट्रात 2018 मध्ये सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली आणि 1 जुलै 2022 पासून देशभर तो आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, दोन्ही बंद आहेत. दुकानदार मागच्या बाजूने काढून देईलही, पण घेऊ नका. शिवाय त्यावर स्प्रे पेंट मारला की तो विरघळून खड्डे पडतात. झाड किंवा झोपडी करायची असेल तर फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा उत्तम.

दोन गोष्टींबाबत मी फार कडक आहे. मटक्यात घालायला म्हणून बटण सेलवर, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या बारक्या बॅटरीवर चालणाऱ्या बारीक दिव्यांच्या माळा मिळतात, त्या मुलांच्या टेबलावर नकोत. तो सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका आतून भाजू शकते. आणि फुगे टेबलाला बांधू नका. फुटलेल्या फुग्याचा तुकडा तोंडात घालून बारक्या भावंडांचा श्वास अडकतो. अगदी लहान, म्हणजे तीनच्या आतलं पोर ज्या टेबलावर बसणार तिथले लाडूही उचलून ठेवा, डाळ आणि मनुका ती चिमटीने काढतात.

खरेदीसाठी पुण्यात बोहरी आळी आणि अप्पा बळवंत चौक, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या शेजारची अब्दुल रहमान स्ट्रीट. चित्रं आठवडाभर आधी, लाडू दोन-तीन दिवस आधी, मटके मात्र हॉलमध्ये पोचल्यावर भरा. वाळू पिशवीत वेगळी न्या. भरलेले मटके गाडीत हमखास कलंडतात.

निघताना एकच सेंटरपीस कोणाला द्यायचा यावरून भांडण होतं. त्यापेक्षा प्रत्येक मुलाने एक काडी उपसून घरी न्यावी, वाळूतून ती सहज निघते. सगळ्यांना भीमच हवा असणार, म्हणून भीमच्या काड्या जितकी मुलं तितक्या करा, बाकीची मंडळी त्यांच्यामध्ये पेरा. आणि दोन भीम पर्समध्ये ठेवा, न सांगता आलेल्या भावंडांसाठी.