सर्टिफिकेट नवं, तरी काहींनाच इशारा का दिसतो?

प्रश्न : आमचं ऑनलाइन दुकान चार वेब सर्व्हरवर चालतं. पुढे लोड बॅलन्सर (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरमध्ये वाटणारा) आहे, पण सर्टिफिकेट (साइटची ओळख पटवणारी फाइल) सर्व्हरवरच आहेत. नुकतंच रिन्यू केलं, तरी काही ग्राहकांना 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं दिसतं. शिवाय ब्राउझरमध्ये साइट नीट उघडते, पण पेमेंट गेटवेचा कॉलबॅक (पैसे मिळाल्याचा आपल्या सर्व्हरला येणारा निरोप) येत नाही. काय तपासावं?

उत्तर : चारपैकी एखादा सर्व्हर बहुधा अजून जुनंच सर्टिफिकेट देतोय. डोमेनच्या नावाने तपासून ते सापडणार नाही, कारण लोड बॅलन्सर दर वेळी वेगळ्या सर्व्हरकडे पाठवू शकतो. म्हणून 'ओपनएसएसएल' या सर्टिफिकेट तपासायच्या टूलची 'एस_क्लायंट' कमांड प्रत्येक सर्व्हरवर वेगळी चालवा : 'कनेक्ट'मध्ये त्याचा आयपी आणि पोर्ट ४४३, 'सर्व्हरनेम'मध्ये डोमेन. सर्व्हरनेम राहिलं तर डिफॉल्ट साइटचंच सर्टिफिकेट समोर येईल आणि घोळ वाढेल. सर्टिफिकेटचा सिरियल नंबर चारही ठिकाणी एकच हवा. फाइल नवी आणि सर्टिफिकेट जुनं, असं दिसलं तर रीलोड (चालू प्रोग्रामला फाइली पुन्हा वाचायला लावणं) राहिलाय. एनजिनएक्स (वेब सर्व्हरचा प्रोग्राम) वापरत असाल तर तो सुरू होताना सर्टिफिकेट वाचून मेमरीत ठेवतो. डिस्कवर फाइल बदलल्याचं त्याला कळत नाही. आधी कॉन्फिग तपासा, मग रीलोड करा. रीस्टार्टची गरज नाही.

कॉलबॅकचा दोष बहुधा वेगळा आहे : इंटरमीजिएट सर्टिफिकेट (तुमचं सर्टिफिकेट आणि ते देणाऱ्या संस्थेचं मूळ, म्हणजे रूट सर्टिफिकेट, यांमधला दुवा) जोडलेलं नाही. बरेच ब्राउझर ते स्वतःकडून किंवा नेटवरून मिळवून वेळ निभावतात, पण गेटवेचा प्रोग्राम सहसा तसं करत नाही आणि जोडणी नाकारतो. त्याच कमांडच्या शेवटी 'व्हेरिफाय रिटर्न कोड २१' आला, तर नक्की हेच. फाइलमध्ये आधी तुमचं सर्टिफिकेट, खाली इंटरमीजिएट, हाच क्रम ठेवा. रूट जोडू नका.

यापुढे चार सर्व्हरवर चार वेळा रिन्यू करू नका. लेट्स एन्क्रिप्ट (मोफत सर्टिफिकेट देणारी सेवा) वापरत असाल तर नावांच्या त्याच संचासाठी ७ दिवसांत ५ सर्टिफिकेटचीच मर्यादा आहे. चार घेतली की एकच उरतं; तेही संपलं की दर ३४ तासांनी एकच नवं मिळतं. एचटीटीपी पडताळणीही (डोमेन तुमचंच आहे हे साइटवर ठेवलेल्या फाइलवरून तपासणं) इथे दगा देते : टोकनची (खुणेच्या कोडची) फाइल एका सर्व्हरवर, विचारणा दुसऱ्याकडे, उत्तर ४०४ (फाइल सापडली नाही). डीएनएस पडताळणी (टोकन डोमेनच्या नोंदींमध्ये ठेवून होणारी) घ्या. वाइल्डकार्डला (सगळ्या सबडोमेनसाठीच्या एकाच सर्टिफिकेटला) तर तीच लागते. एकाच मशीनवर सर्टिफिकेट घ्या, तिथून एसएसएचने (सुरक्षित जोडणीने) चारही ठिकाणी पाठवा, आणि रीलोड त्याच स्क्रिप्टमध्ये घाला. 'की' (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) आणि सर्टिफिकेट जोडीनेच जाऊ द्या, नाहीतर एनजिनएक्स 'की व्हॅल्यूज मिसमॅच' म्हणून रीलोड नाकारेल. कीच्या फाइलची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी); ती ईमेलने किंवा गिटमधून कधीही पाठवू नका.

हे काम आत्ताच ऑटोमेट करा. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० आणि २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे. मुदत संपण्याआधीचा अलर्टही आयपीनुसार चार वेगळे लावा.