कोल्हापुरात रस्ते रुंद झाले तर फायदा सगळ्यांचाच ना?

तुमचा प्रश्न असा, की रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले तर सगळ्यांचीच सोय होते. मग यात न्याय-अन्याय येतो कुठून? माझ्या मते तो मोजणीपासूनच येतो.

इंजिनिअरिंगला असताना मी दाभोळकर कॉर्नरला वाहनं मोजायला उभी राहायचे. तक्त्यात दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, ट्रक, सायकल असे रकाने. स्टँडकडून पिशव्या घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बायकांना रकानाच नव्हता. पुढे या आकड्यांचे 'पीसीयू' करतात, म्हणजे प्रत्येक वाहन किती मोटारींएवढं ते धरतात. मोटार 1 धरली तर आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) निकषात शहरातली बस 2.2 ते 3.7. बसमध्ये चाळीस माणसं असोत की चार, आकडा तोच. अशा हिशेबातून उपाय निघणार तो गाड्यांचाच.

2011 च्या जनगणनेत कामाला कसं जाता हे विचारलं होतं, तेही शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांना. पोराला शाळेत सोडणं, सीपीआर या सरकारी दवाखान्यात डबा पोचवणं यात धरलेलंच नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा दिवस मात्र अशाच तुकड्यांचा असतो. सदर बाजारातून निघून नातवाला शाळेत सोडायचं, ताराबाई पार्कात दोन घरची धुणीभांडी, मग सासूचा डबा घेऊन सीपीआर, येताना लक्ष्मीपुरीत बाजार. बसने जायचं तर दर टप्प्याला नवं तिकीट, म्हणजे किमान भाडं पुन्हा पुन्हा. एका दमात लांब जाणाऱ्याला किलोमीटरमागे स्वस्त पडतं. म्हणून मावशी चालतात, आणि तेही रस्त्याच्या कडेने, कारण फूटपाथवर दुचाक्या, डीपी (विजेच्या पेट्या) आणि टपऱ्या. टपरीवाल्याला मी दोष देत नाही, त्याचं पोट त्यावर आहे. फुकटात दिवसभर लागलेली मोटार मला जास्त खुपते.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी असणाऱ्यांचंही तेच. गाडी नसेल तर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, नाहीतर कोणाच्या तरी मागे बसून जायचं.

राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण 2006 पासून सांगतंय, की रस्त्यातली जागा वाटताना वाहनं नव्हे, माणसं बघा. कोल्हापूरला हा विचार परका नाही. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या पाठीशी उभं राहून आपण शहरातल्या रस्त्यांसाठी लावलेला टोल आंदोलन करून घालवला. रस्त्याचे पैसे कोणी भरायचे यावर एवढं भांडलो, तर त्या रस्त्यात जागा कोणाला, हेही विचारलंच पाहिजे.

तुमच्या प्रभागात रस्त्याचं काम निघालं की नकाशा बघायला मागा. खांब, झाडं, डीपी वजा जाता फूटपाथ किती मोकळा राहतो ते विचारा. आयआरसीच्या निकषात किमान 1.8 मीटर आहे. त्याहून कमी असेल तर काम सुरू व्हायच्या आत लेखी हरकत द्या.