सिस्टर, तुम्ही नेमकं काय सोडताय?

"इतकी वर्षं झाली मॅडम, आता हे सोडून दुसरं काय करणार? आणि करत राहिले तर मीच उरणार नाही." मी समुपदेशनाचं काम करते, आणि अनुभवी नर्सेसच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की एकदा सविस्तर लिहावंसं वाटलं. त्यातल्याच एकींची ही हकिगत. त्यांना सुनंदा सिस्टर म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्यांदा आल्या त्या सलग पाच नाइट करून. राजीनाम्याचा कागद पर्समध्ये होता, घड्यांवर झिजून फाटायला आलेला. कितीदा उघडून पुन्हा मिटला असेल!

"माझ्यातली नर्स मेली हो," त्या म्हणाल्या. "पूर्वी पेशंटचा हात धरून बसायचे. आता बेल वाजली की आधी चीड येते."

मी त्यांच्याकडून एक कबूल करून घेतलं, जे प्रत्येकीकडून घेते. नाइट करून आल्या आल्या राजीनामा द्यायचा नाही. सलग दोन रात्री पोटभर झोप झाल्यावरही द्यावासा वाटला, तर बोलू. झोप तुंबलेली असली की सगळीच दारं बंद दिसतात. (आठवड्याच्या ऑफलाही झोप येत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर करिअरचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठायचा, हेही मी सांगतेच.)

मग एक वही दिली. ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या नर्सकडे पेशंट सोपवून, निघताना दोनच ओळी लिहायच्या: आज जीव कशाने मेटाकुटीला आला आणि आज कशाने बरं वाटलं.

दोन आठवड्यांनी वही चाळली. जीव काढणाऱ्या गोष्टींत पेशंटचा उल्लेख दोनदाच. बाकी सगळं असं: 'तिघींचं काम दोघींनी केलं.' 'ऑफ रद्द, आदल्या संध्याकाळी कळवलं.' आणि एक ओळ मी मोठ्याने वाचली. 'बेडसोर होणार हे दिसत होतं. दर दोन तासांनी कूस बदलायला हात नव्हते.'

सिस्टर बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं काय करायचं ते."

हा थकवा वेगळा आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली नर्सिंगमधल्या नैतिक प्रश्नांवर लिहिताना त्याकडे लक्ष वेधलं होतं: योग्य काय ते कळतं, पण व्यवस्था ते करू देत नाही. मी त्याला घुसमट म्हणते. अंगाचा थकवा रजेने उतरतो. ही घुसमट रजेवरून परतल्यावर पहिल्याच ड्यूटीला पुन्हा छातीवर बसते.

"पण मीच कमी पडले ना? मी सगळ्यांना पुरलंच पाहिजे."

'झालंच पाहिजे' अशा हट्टातून माणूस स्वतःला त्रास करून घेतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगत. मी त्यांच्या विचारांच्या वाटेने काम करते, त्यामुळे 'पुरलंच'मधला असा 'च' माझ्या कानातून सुटत नाही. सिस्टरांना २००२ साली प्रसिद्ध झालेला, नर्सिंगच्या अमेरिकी संशोधक लिंडा एकेन यांचा अभ्यास सांगितला. एका नर्सकडे सरासरी एक पेशंट जास्त आला, की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्स पार कोलमडून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी जास्त आढळली. "हे आकडे एका सुनंदाच्या कमकुवतपणातून आले असतील का?" त्यांनी दोन्ही आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले.

तरी 'नर्स मेली' हे वाक्य जाईना. चौथ्या भेटीत त्या डोळे पुसत उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "मॅडम, डाव्या पायाला सूज कधीपासून आहे? एकाच पायाला आहे. पोटरी दुखते का? आजच दाखवा."

दाखवलं. पोटरीच्या शिरेत गुठळी निघाली, औषध सुरू झालं.

पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, "सिस्टर, त्या दिवशी माझा पाय कुणी पाहिला?"

त्या आधी हसल्या, मग रडल्या. मला आजही वाटतं, माझ्या इतक्या वर्षांच्या कामात याहून नेमका प्रश्न मी विचारलेला नाही. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी ते निष्णात अशा नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या. शेवटच्या पायरीवरच्या नर्सला नियमांची उजळणी करावी लागत नाही, परिस्थिती एका नजरेत कळते. ही नजर वॉर्डात ठेवून येता येत नाही. ती जिथे जाल तिथे बरोबर येते.

मग करिअरचं बोलणं झपाट्याने झालं. इन्फेक्शन कंट्रोल, डायलिसिस, घरी जाऊन करायची पॅलिएटिव्ह (गंभीर आजारातला त्रास हलका करणारी) सेवा, नव्या मुलींना शिकवणं. वॉर्ड सोडणं म्हणजे पळून जाणं, हे ओझं मात्र आधी उतरावं लागलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचीही उशाशी बसून केलेली सेवा काही वर्षांचीच. पुढची कित्येक दशकं त्यांनी आकडेवारी, अहवाल आणि शिक्षण यांतून काम केलं. हे ऐकल्यावर सिस्टर ताठ बसल्या.

नोकरी सोडण्याआधी इन्चार्जकडे नेमकी एक गोष्ट मागा, असं मी सुचवते. 'फार त्रास होतो' याला कुणी उत्तर देत नाही. 'महिन्यात सलग तीनपेक्षा जास्त नाइट नकोत' याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. सुनंदा सिस्टरांना 'नाही' मिळालं. त्यांनी ते वहीत तारखेसह लिहिलं, आणखी चार महिने काढले, आणि नवीन नर्सेसना वॉर्डात शिकवण्याची जागा दुसरीकडे मिळाल्यावर राजीनामा दिला. जुना कागद चालण्यासारखा राहिला नव्हता, नवीन लिहिला.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. पहिल्या तुकडीला त्या काय शिकवताहेत, ते उत्साहाने सांगत होत्या: खोलीत शिरल्यावर मॉनिटरच्या आधी पेशंटकडे बघायचं. फोन ठेवताना विचारलं, "पाय कसा आहे?"