मुंबई ते लंडन विमानाने किती अंतर आणि किती वेळ? (आई-बाबा सांगलीहून पहिल्यांदाच निघालेत)

सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. थेट विमान जाताना साडेनऊ-दहा तास घेतं, येताना तासभर कमी. कारण वरच्या थरात वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीवर. ताशी ९०० च्या हिशोबाने आठच तास निघतात, पण विमान नकाशावरच्या सरळ रेषेत जात नाही. एखाद्या देशाचं आकाश बंद असलं की वळसा आलाच.

तिकिटावरच्या वेळा बघून गोंधळू नका, त्या त्या-त्या गावच्या असतात. दुपारी २ ला मुंबईहून सुटलं आणि दहा तास लागले, तर आपल्याकडे रात्रीचे १२ वाजलेले असतात, लंडनला मात्र उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात. हिवाळ्यात साडेसहा. माझ्या आईने पोचल्यावर "एवढ्यात पोचलो?" असंच विचारलं होतं!

खरा कस सांगली ते मुंबई लागतो. पावणेचारशेच्या आसपास किलोमीटर, रात्रीची गाडी धरली तरी आठ-नऊ तास, आणि विमानतळावर तीन तास आधी. गाडीला उशीर होतोच असं धरून चाला, शक्यतो आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

आणि हो, भडंगाच्या पिशव्या मोठ्या बॅगेत खुशाल भरा. लोणच्याची बरणी मात्र हातातल्या बॅगेत नको, तपासणीत काढून ठेवतात.