गावाकडचे पिक्चर रडके नसतात, उन्हाळ्यात बघितलेल्यांबद्दल थोडं

भावा, तू लिहिलंस की सुट्टीला परभणीला आलायस, दुपारी बाहेर तोंड काढायची सोय नाही, तू आणि वडील मिळून मराठी पिक्चर बघायलाव, पण मित्र म्हणतात गावाकडचे सगळे रडके, तर बघू का नको. बघ. आणि असं म्हणणाऱ्याला आधी वळू दाखव. उमेश कुलकर्णीचा, २००८ चा. गावात एक वळू मोकाट सुटलाय आणि त्याला धरायला फॉरेस्टचा साहेब येतो, एवढीच स्टोरी, पण त्या एका जनावरापायी आख्खं गाव उघडं पडतं, कोणाचं कोणाशी वाकडंय, कोणाला पुढारपण करायचंय, सगळं. दुपारी घरच्यांसोबत बघायला याच्यापेक्षा चांगला मला तरी माहीत नाही.

आता गाभ्रीचा पाऊस. सतीश मनवर, २००९. शेतकरी आत्महत्येवरचा आहे म्हणलं की लोक लावतच नाहीत, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं कारण हा पिक्चर हसवतो. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिलाय, म्हणून बायकोला धास्ती बसते की आपला नवरा पण काही करून घेईल, मग ती बारक्या पोराला बापावर नजर ठेवायला लावते. बाप जाईल तिकडं पोरगं, आणि बापाला कळंना की हे मागं मागं का करायलंय. आपण हसतो आणि हसता हसताच पोटात कालवतं. गोष्ट विदर्भातली आहे पण पेरून झाल्यावर आभाळाकडं बघत बसलेला माणूस आपल्याकडं घरोघरी आहे, त्याला वेगळं समजून सांगावं लागत नाही. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघंही शेतकरी नवरा बायकोच वाटतात.

आपल्या भागातला म्हणशील तर पाणी. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांची गोष्ट, आदिनाथ कोठारेनं डायरेक्ट पण केलाय आणि मेन रोल पण त्याचाच. गावात पाणी नाही म्हणून पोरांची लग्नं जमंनात, हनुमंतचं ठरलेलं पण मोडतं, आणि मग तो पाण्याच्या मागं लागतो. मध्यंतराच्या आधीची लव्हस्टोरी मला जरा लांबल्यासारखी वाटली आणि काही ठिकाणी हिरो जास्तच हिरो झालाय, पण पाणी नसलं की निस्ती तहान नसते, सोयरीक तुटते, लेकीबाळी माहेराला यायचं टाळतात, हे त्यानं बरोबर धरलंय. याला पर्यावरणावरचा राष्ट्रीय पुरस्कार २०१९ ला जाहीर झाला आणि थेटरात आला ऑक्टोबर २०२४ ला. पाच वर्षं! आपल्या दुष्काळावरचा एवढा चांगला पिक्चर आपल्यालाच एवढ्या उशिरा बघायला मिळावा, हे मला अजून पटत नाही.

दुष्काळावरून आठवलं, सैराट २९ एप्रिल २०१६ ला लागला. त्याच महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, म्हणजे घरात घागरीची मारामार आणि थेटरात झिंगाट चालू असा तो उन्हाळा होता. सगळ्यांना त्याचा पहिला अर्धा आवडतो, विहीर, बुलेट, गाणी, ते आहेच भारी, पण माझं मत विचारशील तर खरा पिक्चर इंटरवलनंतर सुरू होतो, हैदराबादला. आपल्याकडची किती माणसं कामाला हैदराबाद गाठतात, नांदेड, उदगीर, देगलूरकडच्याला तर पुण्यापेक्षा तेच जवळ. तिथं पाटलाची लेक एका खोलीत राहायलीय, भाषा येत नाही, रोज कामाला जायचं, घरी आलं की भांडण, आणि हे सगळं नागराज मंजुळे घाई न करता दाखवतो. तो भाग बोअर झाला म्हणणाऱ्यांनी एकदा परत बघावा, मग शेवट का एवढा लागतो ते कळंल.

स्थळ मात्र एकट्यानं बघू नको, घरातल्या बायकांसोबत बघ. जयंत सोमलकरचा, थेटरात २०२५ च्या मार्चमध्ये आला. पोरगी बघायला पाहुणे येतात, तिला बसवतात, तेच तेच प्रश्न, नाव काय, उंची किती, आणि परत दुसरे पाहुणे आले की परत तेच. आमच्याकडं कुरडयाचा घाट चालू होता, मावशी सोऱ्या दाबत दाबत बघायली होती, तिसऱ्यांदा का चौथ्यांदा त्या पोरीला बसवलं तवा तिचा हात थांबला, प्लास्टिकवर अर्धीच कुरडई पडलेली. म्हणली, मला पण असंच, पण मला चालून दाखव पण म्हणले होते. इतक्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती. नंतर आई बोलली, मग काकू, पिक्चर तसाच पॉज करून ठेवला आम्ही. कलाकार नवखे आहेत पण कुठं अभिनय केल्यासारखा वाटत नाही, आणि कापसाला भाव नसला की पोरीच्या लग्नाचं काय होतं हे तिच्या बापाच्या चेहऱ्यावर दिसतं. पोरीला शिकायचंय, परीक्षा द्यायचीय, ते कोणी विचारतच नाही.

वडलांना जुनं आवडतं म्हणलास ना, मग सामना लाव. जब्बार पटेल, स्क्रिप्ट विजय तेंडुलकरांची, १९७५ ला बर्लिनच्या फेस्टिवलला गेलेला. ब्लॅक अँड व्हाईट बघून पुढं ढकलू नको. निळू फुलेंचा साखर कारखानेवाला हिंदुराव आणि समोर श्रीराम लागूंचा मास्तर, दोघं आरडाओरडा न करता नुसते बसून बोलत असले तरी आपण जागचे हलत नाही. त्यातलं गायब झालेल्या मारुती कांबळेचं प्रकरण निघालं की वडील स्वतःच कारखान्याच्या राजकारणाचं बोलायला लागतील, तवा मोबाईल बाजूला ठेव आणि त्यांचं ऐक, पिक्चर दुसऱ्या दिवशी पुरा करता येतो.