क्रिप्टोकरन्सी स्वतःच्या संगणकावर ठेवणे सुरक्षित की ऑनलाइन एक्स्चेंजवर?

नाणी प्रत्यक्षात या दोन्ही ठिकाणी नसतात. ती ब्लॉकचेनवरील, म्हणजे अनेक संगणकांवर जपलेल्या सामायिक डिजिटल खातेवहीतील, नोंदी असतात, आणि त्या खर्च करण्याचा अधिकार देणारी खासगी किल्ली (एक गुप्त सांकेतिक संख्या) कोणाच्या हाती आहे, हा खरा प्रश्न आहे. एक्स्चेंजवर ती कंपनीकडे राहते. माउंट गॉक्स हे बिटकॉइन एक्स्चेंज २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेले आणि ग्राहकांना त्यांची बिटकॉइन परत मिळू लागायला २०२४ साल उजाडले.

स्वतःच्या संगणकावर वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारे सॉफ्टवेअर, ठेवल्यास हा धोका टळतो, पण मालवेअरची (घातक सॉफ्टवेअरची) धास्ती राहते. काही मालवेअर तुम्ही नाणी पाठवण्यासाठी कॉपी केलेला वॉलेटचा पत्ता पेस्ट होताना गुपचूप बदलून तेथे चोराचा पत्ता घालतात, म्हणून पाठवण्यापूर्वी पत्त्यातील प्रत्येक अक्षर ताडून पाहावे.

माझ्या मते मोठी रक्कम हार्डवेअर वॉलेटमध्येच (किल्ली सांभाळणाऱ्या छोट्या स्वतंत्र उपकरणात) ठेवावी, कारण त्यात व्यवहारावरील स्वाक्षरी उपकरणातच होते आणि किल्ली संगणकापर्यंत पोहोचत नाही. नेहमीच्या खरेदी-विक्रीपुरती थोडी रक्कम एक्स्चेंजवर असली तरी चालेल. वॉलेट सुरू करताना मिळणारे १२ किंवा २४ शब्द, ज्यांवरून किल्ली पुन्हा मिळवता येते, क्रमाने कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी जपावेत. त्यांचा फोटो मात्र कदापि काढू नये, कारण तो बहुधा आपोआप क्लाउडवर जातो.